समजाबाईचा हिशेब : गावातल्या मोठ्या माणसांना पैशाचं गणित कसं शिकवावं

आमच्या पहिल्या वर्गाला एकवीस बाया आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी चारच उरल्या. चूक माझी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेलं, त्यामुळे इथेही मी फळ्यावर फुगे काढले, मणी मोजायला दिले आणि ‘१५ + २७ = ?’ असं लिहून मोकळी झाले. मागे भिंतीला टेकून बसलेली साठीची आजी म्हणाली, “बेचाळीस होते नं बाई. हे तं आमाले येते. सावकाराचं समजत नाई, ते सांगता का?”

त्याच आजीनं दुपारी शेतात आपल्या वेचणीचा हिशेब तोंडी केला होता. ४३ किलो कापूस, किलोला १० रुपये, सकाळी घेतलेले ५० वजा, राहिले ३८०. रोकड हातात पडायच्या आत तिचं उत्तर तयार होतं. बँकेच्या कागदावर मात्र अंगठा.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या गावांत असे वर्ग घेता घेता माझं एक मत पक्कं झालं. मोठ्या माणसाला गणित येतं, कागद येत नाही. आणि व्याजाच्या बोलीत जो काळ लपलेला असतो, तो दिसत नाही. वर्गाचा सगळा जोर या दोन ठिकाणी लावायचा. बाकीचं त्यांचं त्यांना येतं. तुम्ही बचत गटात, ग्रामपंचायतीत किंवा नुसतंच हौसेनं असा वर्ग घेणार असाल, तर मी कसं करते ते सांगते.

वर्ग लावण्याआधी

आधी हंगाम पाहा. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर-हरभरा घरात आला, की मार्च ते मे हा काळ. मृगाचा पाऊस पडला की वर्गाला कुत्रंही येत नाही, आणि येऊही नये. आठवड्यातून दोन दिवस, जेवणं उरकल्यावर साडेआठला, फक्त एक तास. दहा आठवड्यांत वीस बैठका होतात आणि तेवढ्यात पुष्कळ होतं. बारा-पंधरा माणसं बास.

बाया आणि माणसं वेगळी बसवा. हे काहींना जुनाट वाटेल, पण सासरा किंवा दीर समोर असला की कुठलीच बाई कर्जाबद्दल तोंड उघडत नाही. बचत गटाची बैठक असते त्याच जागी, त्याच दिवशी वर्ग जोडला तर सोपं जातं. बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या सीआरपी ताईला, म्हणजे त्यांच्या गावातल्या कार्यकर्तीला, आधी विचारा. गावात ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७) चालू असेल तर त्यात स्वयंसेवक म्हणून नाव घाला. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीच तो आहे आणि आर्थिक साक्षरता त्यात धरलेली आहे.

सामान फार लागत नाही. शेर-दीड शेर चिंचोके, मूठभर तुरीचे दाणे, पुठ्ठ्याच्या खोट्या नोटा (१, १०, १०० आणि १०००च्याच, ५००ची सुरुवातीला घोळ करते), जुन्या काटापट्ट्या (विकलेल्या मालाच्या वजनाच्या पावत्या), किराण्याच्या चिठ्ठ्या, खातं क्रमांक खोडलेली पासबुकाची झेरॉक्स आणि प्रत्येकीला चाळीस पानी वही. मुलांचं अंकलिपीचं पुस्तक आणू नका. नातवाचं पुस्तक हातात दिलं की आजी हसते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगा : इथे कुणी स्वतःचं कर्ज सांगायचं नाही. सगळे हिशेब एका बाईचे. मी “समजा एक बाई आहे” असं सारखं म्हणायची, तर बायांनी तिचं नावच समजाबाई पाडलं. समजाबाईला तीन एकर कोरडवाहू, दोन लेकरं, नवरा थोडा तापट. समजाबाईच्या नावावर बाया काय काय बोलून घेतात! तिला सावकार गाठतो, तिची पासबुकं हरवतात, तिचा भाऊ उसने नेऊन देत नाही. पुढचे सगळे हिशेब तिचेच समजा.

पहिले दोन दिवस : तुम्ही शिका

फळा झाकून ठेवा. फक्त विचारा : मजुरी कशी मोजता? पायलीनं धान्य दिलं तर पैसे कसे धरता? सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचं, साल पाडव्याला कसं ठरतं? म्हाताऱ्या बाया अजून विसांनी मोजतात, ‘तीन ईसा नं पाच’ म्हणजे पासष्ट. एखाद्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीचचे जुने पाढे तोंडपाठ असतात, मला एक तर असे भेटले की औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, न अडखळता तीसपर्यंत म्हणून दाखवला, आणि मग विचारलं, “तुमच्या शाळेत काहून शिकवत नाई हे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं वहीत टिपून ठेवा. पुढे सवाईचं व्याज शिकवताना सवायकी कामाला येते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो इथून तासाभरावर. काम करणाऱ्याच्या हातात गणित असतं हे या जिल्ह्यात नव्यानं सांगावं लागू नये, पण लागतं.

तोंडातला आकडा कागदावर

इथे चार-पाच बैठका जातात. घाई नको.

मराठी आकडा बोलताना सुटे आधी येतात आणि दहाचे मागून. ‘पंचवीस’ ऐकलं की आधी पाच ऐकू येतात, म्हणून नवशिकी बाई ५२ लिहिते. ‘सत्तेचाळीस’ला ७४. हा तिचा मठ्ठपणा नव्हे, भाषेची चाल आहे. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. वाद कुणाला कसाही वाटो, अडचण खरी आहे. मी जुना शब्द बदलत नाही. फक्त नियम देते : “ऐका सगळं, पण हात आधी नोटांकडे.” सत्तेचाळीस म्हटलं की आधी दहाच्या चार नोटा मांडायच्या, मग सात सुटे, आणि मांडलं त्याच क्रमानं लिहायचं. आठवडाभरात उलटापालट बंद होते.

‘एकोण’चं वेगळं दुखणं. एकोणसाठ ऐकलं की कानात साठच राहते. त्याला एकच उपाय, ‘साठाला एक कमी’ असं दर वेळी मोठ्यानं म्हणायचं.

मग शून्य. ‘एक हजार पाच’ सांगितलं की १०००५ लिहितात, कारण हजार लिहून झाला आणि त्यापुढे पाच. यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या करा : १००० ची लांब, १०० ची तिच्याहून लहान, १० ची आणखी लहान, मग १ ते ९ च्या. लांब पट्टीच्या उजव्या टोकावर पाचाची पट्टी ठेवली की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि १००५ दिसतं. फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते पट्टीनं एकदाच होतं. अशाच आणखी लांब पट्ट्या करून १,०५,००० आणि १,५०,००० मधला फरक दाखवा. कर्जाच्या कागदावर एवढी एक चूक पंचेचाळीस हजारांची असते.

आणखी एक बारीक गोष्ट. थोडं शिकलेल्यांना देवनागरी आकडे येतात, पण मोबाइल, पासबुक, इलेक्ट्रॉनिक काटा सगळे इंग्रजी आकडे दाखवतात. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा दिसतो आणि इंग्रजी आठ आपल्या चारासारखा. एका ताईनं काट्यावरचे नव्वद किलो दहा म्हणून वाचले होते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा, विषय संपला.

आधी अंदाज, मग मोबाइल

कागदावरचा गुणाकार-भागाकार शिकवत बसू नका. माझ्या सोबतीच्या शिक्षकांना हे पटत नाही, पण पन्नाशीतल्या बाईला हातचे घेऊन गुणाकार शिकवण्यात तीन आठवडे घालवण्यापेक्षा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शिकवलेला बरा. अट एवढीच : बटण दाबण्याआधी तोंडानं अंदाज सांगायचा. ३८ किलो, १२ रुपयांनी. “चाळीस धरले तर चारशे ऐंशी, त्याच्याहून कमी.” मग मोबाइल. ४५६ आलं तर बरोबर, ४,५६० आलं तर एक शून्य जास्त दाबलं गेलं. अंदाज न करणाऱ्याला मोबाइल खुशाल फसवतो.

वेचणीच्या दिवसांचा एक हिशेब त्यांना फार आवडतो. काट्यावर ४३ किलो ८०० ग्रॅम आलं तरी मांडणारा ४३ मांडतो. रोज सरासरी अर्धा किलो असा गेला तर पंचवीस दिवसांत साडेबारा किलो, म्हणजे १० रुपये दरानं १२५ रुपये. पुढच्या वर्षी ग्रॅम मांडायला कुणी लावले तर आश्चर्य नको.

काटापट्टी

क्विंटलचा भाव किलोवर आणणं हीच सगळी किल्ली. शेवटची दोन शून्यं झाका : ७,१०० रुपये क्विंटल म्हणजे ७१ रुपये किलो. समजाबाईचा कापूस ८ क्विंटल ३७ किलो. आठाचे ५६,८०० आणि ३७ किलोचे ३७ गुणिले ७१, म्हणजे २,६२७. एकूण ५९,४२७.

आता कट्टी. खेडा खरेदीवाला म्हणतो, क्विंटलमागे दोन किलो कापीन. ऐकायला दोनच किलो. पण ८ क्विंटल ३७ किलोवर ते पावणेसतरा किलोच्या आसपास जातात, म्हणजे साधारण १,१८८ रुपये. हातात ५८,२३९. बाजार समितीत भाव ७,२०० मिळाला तर ६०,२६४. त्यातून गाडीभाडं १,२०० आणि हमाली-तोलाई २५० गेली, तर ५८,८१४. फरक ५७५ रुपयांचा, आणि एका माणसाचा अख्खा दिवस. हे आकडे मी वर्गासाठी घेतलेत, भाव रोज हलतो. पण हिशेब मांडल्यावर दर वेळी ‘मार्केटलाच न्या’ असं उत्तर येत नाही, हे बायांना दिसू द्या. शिक्षकानं उत्तर आधीच ठरवून ठेवलं असेल तर माणसं लगेच ओळखतात.

टक्केवारी इथेच शिकवा, वेगळा धडा नको. टक्का म्हणजे शंभरामागे एक. रुपयामागे एक पैसा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावातला एक टक्का कमी. समजाबाईच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला तर तीन टक्के गेले. एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे, तीनाचे २४३ रुपये ३० पैसे. दोन दिवस ऊन दिलं असतं तर? हा प्रश्न मी विचारत नाही, त्याच विचारतात.

व्याज : बोलीतला लपलेला महिना

यासाठी सहा बैठका ठेवा. बाकी काही राहिलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी विचारा : सावकार तीन टक्के म्हणतो, बँक बारा टक्के म्हणते. समजाबाईनं कुणाकडून घ्यावं? निम्म्या तरी बाया सावकार म्हणतात. तीन बारापेक्षा कमी, एवढं सरळ. मग हळूच विचारा, “तीन कधीचे?” सावकाराचे तीन म्हणजे शेकडा तीन रुपये, *महिन्याला*. बँकेचे बारा *वर्षाला*. बारा महिन्यांनी गुणा. सावकार छत्तीस, बँक बारा. आमच्या वर्गात इथे एकदा इतकी शांतता झाली की बाहेरचा कुत्रा ऐकू आला. मग कोपऱ्यातून आवाज आला, “म्हंजे इतके वर्स उलटंच धरत होतो आमी.”

यानंतर कुठलंही व्याज आलं की तीन प्रश्न, याच क्रमानं, मोठ्यानं म्हणायचे :

शंभरामागे किती?
किती महिन्यांत?
म्हणजे वर्षाला किती?

सवाई घ्या. ज्येष्ठात हजार घेतले, मार्गशीर्षात साडेबाराशे द्यायचे. शंभरामागे पंचवीस, सहा महिन्यांत, म्हणजे वर्षाला पन्नास. दिडी घेतली तर शंभरामागे पन्नास, सहा महिन्यांत, वर्षाला शंभर. सवायकी म्हणणाऱ्या आजोबांनी पाढ्यातली सवाई आणि सावकाराची सवाई एकच हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. पाढ्यात काळ नसतो, कर्जात असतो.

जिथे व्याज हा शब्दच नसतो तिथेही हे प्रश्न लावा. खताची थैली नगदीत हजाराला, कापूस निघाल्यावर दिले तर साडेअकराशे. दुकानदार म्हणतो, व्याज नाही घेत. शंभरामागे पंधरा, सहा महिन्यांत, वर्षाला तीस.

तुलनेसाठी चार आकडे भिंतीवर लावा. सावकारी कायदा २०१४ चा. त्याखाली ठरलेले कमाल दर असे : शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८. सावकाराकडे परवाना हवा, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ, हे त्या चार आकड्यांशेजारी लिहून ठेवा आणि गप्प बसा. भाषण करू नका. गावात सावकार कुणाचा तरी चुलत सासरा असतो.

त्याच भिंतीवर पीककर्ज : तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. ‘मुदतीत’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढा. आणि बचत गटाचं दोन रुपये शेकडा? तेही वर्षाला चोवीसच, पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेर आपल्याच वाट्याला येतं. “आपल्याच खिशातून आपल्याच पदरात,” एकीनं म्हटलं. मला याहून नीट सांगता आलं नसतं.

हप्त्याची लबाडी, चिंचोक्यांनी

समजाबाईनं १२,००० घेतले, बारा हप्ते, शेकडा एक रुपया महिना. दोन सावकार, दोघांचा दर तोच. मांडा बारा चिंचोके, एक म्हणजे हजार.

पहिला सावकार राहिलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. पहिल्या महिन्यात बारा चिंचोके, व्याज १२० रुपये. एक चिंचोका परत केला, अकरा राहिले, व्याज ११०. असं एकेक उचलत जा आणि दर महिन्याचं व्याज बाजूला लिहा. शेवटी बारा, अकरा, दहा... असे मिळून अठ्ठ्याहत्तर चिंचोके मोजून होतात. व्याज ७८० रुपये.

दुसरा म्हणतो, सरळ हिशेब ठेवू, मूळ बारा हजारांवरच वर्षभर व्याज. दर महिन्याला १२०, वर्षाचे १,४४०. हप्ता १,१२०. इथे चिंचोके उचलू द्यायचे, पण व्याज मात्र बाराचंच लावायचं. शेवटच्या महिन्यात समजाबाईपुढे एकच चिंचोका असतो आणि ती बारा चिंचोक्यांचं व्याज भरते. हे पाहिल्यावर बायांना राग येतो. येऊ द्या. दुसऱ्याचा बारा टक्के दर राहिलेल्या मुद्दलावर धरला तर खरा साडेएकवीसच्या आसपास जातो. ही गोष्ट नुसती सांगून पटत नाही, चिंचोके हाताखाली हवेत.

आठवडी हप्त्याच्या गटकर्जाला हेच लावा, आणि दोन प्रश्न वाढवा : हातात किती पडले, आणि सगळे मिळून किती परत द्यायचे? तीस हजार मंजूर आणि फी-विमा कापून २९,१०० हातात, तर व्याज तीस हजारांवर सुरू. अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे ‘सूक्ष्म कर्जा’चे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कर्जाचा दर आणि सगळे खर्च असलेलं एक पान कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही. ते पान मागून आणणं हाच या आठवड्याचा घरचा अभ्यास. दोघी-तिघी आणतात, तेवढं पुरतं. तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा क्रमांक १४४४८.

अंगणातले बारा चौकोन

रांगोळीनं बारा चौकोन काढा, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. येणाऱ्या हजाराला एक चिंचोका, जाणाऱ्याला तुरीचा दाणा. बोलत बोलत भरू द्या. ज्येष्ठात बियाणं, खत, लेकरांच्या वह्या. आषाढ-श्रावणात निंदण, फवारणी, दवाखाना. पोळा. दिवाळी. कापूस कार्तिकापासून पौषापर्यंत. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे दोन-दोन हजार आपापल्या वेळी. अर्ध्या तासात चित्र समोर येतं : पाच महिने नुसते दाणे, तीन महिने चिंचोक्यांचा ढीग.

मग विचारायचं, ज्येष्ठात कर्ज लागणार हे समजाबाईला कधी कळलं? बाया म्हणतात, ज्येष्ठात. चौकोनांकडे बोट दाखवा. पौषातच दिसत होतं. पौषाच्या ढिगातून पंधरा चिंचोके उचलून ज्येष्ठात ठेवून पाहा. सवाईनं पंधरा हजार घ्यायला लागले असते तर पावणेचार हजार व्याज गेलं असतं.

इथे एक काळजी घ्या. कित्येक घरांच्या पटात उचलायला चिंचोकेच नसतात. वर्षाचे दाणे जास्त, चिंचोके कमी, कितीही सरकवा. तिथे “चहा कमी करा, लग्नात खर्च नको” असं सुरू करू नका. आमच्याकडे एक पाहुणे प्रशिक्षक तसं बोलून गेले आणि पुढच्या दोन बैठका वाया गेल्या. तुटीचा आकडा नीट माहीत असणं, आणि ती तूट शून्य टक्क्यानं भरायची की साठनं, हे ठरवता येणं, एवढंच गणिताच्या हातात आहे.

पासबुक आणि दामदुप्पट

पासबुकाला दोन बैठका पुरतात. तारीख, काढले, जमा, शिल्लक. मागची शिल्लक अधिक जमा वजा काढले, हे प्रत्येक ओळीवर करून पाहायचं. ‘माझे पैसे कोणी कापले?’ हा प्रश्न हमखास येतो. मेच्या अखेरीस ४३६ आणि २० कापलेले असले तर ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे. वर्षाचे ४५६, महिन्याला ३८ रुपये. पण त्यासाठी आपण होकार दिला होता का, आणि घरच्यांना हे ठाऊक आहे का, हे विचारायला लावा. विमा असूनही कुणाला माहीत नाही अशी घरं मी पाहिलीत. अंगठ्यानं पैसे काढले की पावती घ्यायची आणि तिथेच शिल्लक वाचायची, दारातून बाहेर पडण्याआधी. फोनवर ओटीपी मागून कुणी फसवलंच तर लगेच १९३० ला फोन.

दामदुप्पटीसाठी बहात्तरचा नियम. बहात्तरला वर्षाच्या दरानं भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते येतं. पोस्टाचं किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांचं : बहात्तर भागिले साडेसात म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने, आणि पोस्टही तेच ११५ सांगतं. आता कुणी गावात येऊन वर्षात दुप्पट म्हणाला, तर शंभराला शंभर, म्हणजे महिन्याला शेकडा आठ रुपयांच्याही वर. “सावकार पाच घेते, आन् हा आठ *देते*? कुठून आणते?” हा प्रश्न वर्गातल्या कुणीतरी विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर व्याजाच्या बैठका पुन्हा घ्या.

परीक्षा आणि सुट्टी

कागदी परीक्षा मी घेत नाही. ‘उल्लास’ची चाचणी कुणाला द्यायची असेल तर जरूर द्यावी, प्रमाणपत्राचं अप्रूप मोठं असतं. माझी चाचणी बाजारात : शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीनं एक खरी चिठ्ठी आणायची, किराण्याची, खताची, काट्याची कुठलीही, आणि तिच्यातली बेरीज तपासून सांगायची. एका वर्षी पंधरा चिठ्ठ्यांपैकी तीन चुकलेल्या निघाल्या. दोन दुकानदाराच्या फायद्याच्या, एक गिऱ्हाइकाच्या. ती तिसरी परत करायची की नाही यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी ज्या बाईची चिठ्ठी होती ती गेली आणि अठरा रुपये देऊन आली.

मृग लागला की वर्ग बंद. जाताना वहीचं शेवटचं पान आखून द्या, चार खाने : तारीख, किलो, दर, पैसे. वेचणी सुरू झाली की रोज एक ओळ, ग्रॅमसकट. मार्चमध्ये परत बसाल तेव्हा पहिला धडा त्याच पानावरून सुरू करता येतो.